भांडणाआधी मेन स्विच

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो, वय ६९. उभं आयुष्य मागावर गेलं. सकाळी पुणे केंद्र आणि रात्री बायकोसाठी हैदराबाद केंद्र, असा आमच्या घरात रेडिओचा नेम आहे. तेलुगू गाणी ऐकत ती विड्या वळायची. विड्या सुटल्या, रेडिओ सुटला नाही. पण दिवाळीपासून संध्याकाळ झाली की रेडिओत घर्रर्र असा एकसारखा आवाज सुरू होतो. सातच्या सुमारास येतो, अकराला जातो. हैदराबाद तर त्यात पार बुडून जातं. मेकॅनिकला दाखवलं. त्यानं व्हॉल्यूम साफ केला, सेलच्या पट्ट्या घासल्या, दीडशे रुपये घेतले, फरक शून्य. एफएम मात्र स्वच्छ लागतं. मग मुलानं नवा रेडिओ आणला, त्यातही तोच आवाज. आमच्या मागच्या भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना आहे. त्यानं दिवाळीतच नवीन माग बसवलेत. माझी खात्री आहे, हे त्याचंच काम. कारखान्याच्या सुट्टीदिवशीही आवाज येतो, म्हणजे तो सुट्टीतही गुपचूप माग चालवत असणार. अर्ज महापालिकेत द्यावा का वीज मंडळात? मुलगा म्हणतो, मोबाइलवर ऐका. दिवाळीत त्यानं घरातले सगळे बल्ब काढून एलईडी बसवले, तेव्हापासून त्याला वाटतं विजेतलं सगळं आपल्यालाच कळतं.

उत्तर:

अण्णा,

अर्ज सध्या कुठंच देऊ नका. निम्मा तपास तुमच्या पत्रातच झालेला आहे, फक्त तो करताना तुमचं तोंड मागच्या भिंतीकडे होतं.

वेळा बघा. कारखाना सकाळपासून चालत असणार, मग सकाळी पुणे स्वच्छ कसं लागतं? सुट्टीला माग बंद, तरी आवाज आहेच. आणि माग गुपचूप चालवता येतो का, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? शेजारच्या गल्लीत झोपलेल्या माणसालाही कळतं माग सुरू आहे ते. दिवेलागणीला सुरू होणारा आणि निजानीज झाली की थांबणारा आवाज बहुतेक वेळा दिव्यांचाच असतो. रस्त्यावरचे दिवे पहाटेपर्यंत जळतात, त्यामुळे ते बऱ्यापैकी सुटले. उरले घरातले दिवे, दुकानांच्या पाट्या आणि शेजारपाजारचे दिवे. त्यात तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य, जे तुम्ही मुलावर वैतागून लिहिलंत, तेच मला सगळ्यात कामाचं वाटलं. दिवाळीत बल्ब बदलले, दिवाळीपासून आवाज आला.

तरी बल्बना आत्ताच फाशी देऊ नका. संशय आणि पुरावा यात एका मेन स्विचचं अंतर आहे.

मेकॅनिकचंही फार चुकलं नाही. रेडिओ खराब लागतो म्हटल्यावर तो रेडिओच उघडणार. पण एफएम स्वच्छ आणि मीडियम वेव्ह (तुमचं पुणे, हैदराबाद लागतं ती पट्टी) खराब, शिवाय नव्या रेडिओतही तेच, म्हणजे दोन्ही रेडिओ निर्दोष. मीडियम वेव्हवर निवेदकाचा आवाज लहरीच्या जोराच्या चढउतारात भरलेला असतो. जवळपास कुठं ठिणगी पडली किंवा वीज झपाझप चालू-बंद झाली, तर तीही असाच चढउतार करते. बिचाऱ्या रेडिओला त्यातलं गाणं कुठलं आणि घरघर कुठली हे ओळखता येत नाही. एफएममध्ये आवाज लहरीच्या जोरात भरलेला नसतो, तिच्या वारंवारितेत, म्हणजे सेकंदाला ती किती हेलकावे खाते त्यात, असतो. तिथं रेडिओ जोराचे चढउतार छाटून टाकतो, आणि घरघर त्यांच्याबरोबर छाटली जाते.

आता बल्बच्या पोटात काय चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. घरात येते २३० व्होल्टची एसी. एलईडीला हवा असतो डीसी, आणि तोही मोजून-मापून. मधलं काम बल्बच्या बुडाशी बसलेलं एक छोटं सर्किट करतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बऱ्याच बल्बांतला ड्रायव्हर वीज सेकंदाला वीस-तीस हजार ते लाखभर वेळा चालू-बंद करून हवा तेवढा करंट काढतो. समजा हा वेग ७० हजार धरला, तर त्याच्या पटीत, म्हणजे १४० हजार, २१० हजार असं करत करत गोंगाट ७००-८०० किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. तुमचं हैदराबाद ७३८ वर आणि पुणे ७९२ वर, म्हणजे दोन्ही त्याच्या वाटेत. त्यात आपली वीज ५० सायकलची असल्यामुळे या गोंगाटाला सेकंदाला शंभर ठोके पडतात, आणि कानाला ऐकू येतो तो घर्रर्र. चांगल्या बल्बात हा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून एक कॉइल आणि कपॅसिटर घातलेला असतो. स्वस्त बल्बात पैसे वाचवायचे तर आधी तोच गाळतात, कारण तो काढला तरी उजेड तेवढाच पडतो. मग हा गोंगाट वायरिंगमध्ये उतरतो आणि भिंतीतली वायर घरभर एरियलसारखं काम करते.

तर करायचं असं. संध्याकाळी आवाज नीट सुरू झाला की रेडिओ सेलवर लावा. अॅडॉप्टर अजिबात नको, तो स्वतःच संशयितांपैकी आहे. केंद्र लावू नका. दोन केंद्रांच्या मधली रिकामी जागा धरा, जिथं फक्त घरघर ऐकू येते, आणि मग काट्याला हात लावू नका. याचं कारण असं, की रेडिओ आपला जोर आपोआप कमी-जास्त करतो. केंद्र लागलं की तो जोर घटवतो आणि घरघर दबल्यासारखी वाटते. जागा बदलत राहिलात तर तुलना फसेल. रेडिओ खाटेवर, भिंतीपासून लांब ठेवा. घरात सांगून ठेवा की दहा मिनिटं लाइट जाणार आहे, नाहीतर मालिकेच्या ऐन वेळी मेन पाडलात तर रेडिओपेक्षा मोठी घरघर ऐकावी लागेल. मुलाला मेन स्विचपाशी उभं करा, तुम्ही रेडिओपाशी. मेन खाली.

घरात इन्व्हर्टर असला तर इथंच लोक फसतात. मेन पाडलं की इन्व्हर्टर टुण्णकन उठतो, दिवे-पंखे चालूच राहतात, वर त्याचा स्वतःचा आवाज मिसळतो, आणि माणूस म्हणतो, मेन पाडूनही आवाज गेला नाही, म्हणजे बाहेरचाच. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन. घरात खरोखर अंधार झाला पाहिजे.

आवाज गेला? मग गुन्हेगार घरात आहे. आधी बोर्डातले सगळे एमसीबी (खोलीखोलीचे छोटे स्विच) खाली पाडा, मग मेन वर करा आणि ते एकेक करून चढवा. ज्या एमसीबीला घरघर परत येते, त्या खोलीत जा आणि एकेक बटण दाबून बघा. बल्ब असेल तर सापडायला वेळ लागत नाही. रेडिओ त्याच्यापासून हातभर अंतरावर नेलात तर तो अक्षरशः ओरडतो, आणि दोन-तीन पावलं मागं आलात की झपकन उतरतो. एकच बल्ब निघेल असं धरू नका. डझनभर बल्ब एकाच खोक्यातून आणले असतील तर सगळे एकाच वळणाचे असतात, एक बंद केल्यावर आवाज फक्त थोडा खाली येतो आणि माणसाला वाटतं हा नव्हे. म्हणून आधी सगळे बंद, मग एकटा एक चालू.

दिवे निर्दोष सुटले तर पुढचे संशयित मोबाइलचे चार्जर (मोबाइल न लावताही बोर्डात लटकलेले), वायफायच्या डब्याचा अॅडॉप्टर, टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सचा अॅडॉप्टर. यांचा आवाज दिव्यापेक्षा जरा वेगळा, शिट्टी आणि घरघर यांच्या मधला असतो आणि काटा फिरवला तर ठरावीक अंतरानं परत परत भेटतो. बटण बंद करण्यावर विसंबू नका, सरळ उपसून काढा. पंख्याचा गोल फिरणारा रेग्युलेटर, ज्याला टप्पे नसतात, तो ओळखायला सोपा. पंखा पूर्ण वेगावर नेला की घरघर कमी होते, मध्यावर आणला की वाढते. टप्प्याटप्प्यानं फिरणारे रेग्युलेटर बहुधा कपॅसिटरवर चालतात, त्यांचा त्रास नसतो. फ्रिज अधूनमधून टक्क करतो आणि गप्प बसतो, त्याला सोडून द्या.

आणि काही आवाज कुणाचेच नसतात. उन्हाळ्यात वळवाचे ढग जमले की वीज कडाडायच्या आधी रेडिओत कडकड सुरू होते. तिला इलाज नाही. रात्री मीडियम वेव्हच्या लहरी वरच्या वातावरणातून परतून लांबलांब पोचतात, म्हणून तर दिवसा क्षीण असणारं हैदराबाद रात्री जोरात येतं. त्याच वाटेनं इतर लांबची केंद्रंही येतात, एकमेकांवर चढतात, बारीक शिट्टी वाजते, आवाज वरखाली होतो. ही रात्रीची रीत आहे. एकसुरी घरघर तेवढी शोधायची.

बल्बच निघाले तर काय करायचं? मुलाशी वाद घालून सगळे काढायला लावू नका. वीज वाचते ते खरंच आहे. रेडिओ जिथं ऐकता त्या खोलीतले एक-दोन बदलले तरी पुष्कळ. नवा बल्ब घ्यायला जाताना खिशातला रेडिओ बरोबर न्या. नवी पेठेत काय किंवा तुमच्या चौकात काय, दुकानदार बल्ब दाखवताना होल्डरला लावून पेटवतोच. त्या वेळी रेडिओ मीडियम वेव्हच्या रिकाम्या जागेवर ठेवून जवळ धरा. दुकानात आधीच वीस दिवे चालू असतात, त्यामुळे थोडी घरघर असणारच. बल्ब पेटल्यावर ती वाढते का, एवढंच ऐकायचं. दुकानदार आधी तुमच्याकडे विचित्र बघेल, मग त्यालाही मजा वाटेल. खोक्यावर बीआयएसची खूण असलेलाच बल्ब घ्या, पण त्या खुणेचा संबंध मुख्यतः सुरक्षेशी आहे. रेडिओत गोंगाट होणार नाही, अशी हमी तिच्यातून मिळत नाही. कानाची परीक्षा वेगळी घ्यावीच लागते. तपासापुरता जुना पिवळा तारेचा बल्ब घरात पडला असेल तर तो लावून बघा. त्यात ड्रायव्हरच नसतो, म्हणून तो पूर्ण मुका. सीएफएल मात्र त्या जागी लावू नका, तीही घरघरते.

चार्जर-अॅडॉप्टर दोषी ठरला आणि बदलता येत नसला, तर त्याच्या वायरीला फेराइटचा, म्हणजे गोंगाट अडवणाऱ्या काळ्या चुंबकीय पदार्थाचा, कडा घालता येतो. जुन्या कॉम्प्युटर मॉनिटरच्या केबलला टोकाशी जी जाड गाठ असते, तिच्या आत हेच फेराइट असतं. पण नुसती गाठ वायरीवर चढवून मीडियम वेव्हला फारसा फरक पडत नाही. मोठा कडा घेऊन त्यातून वायरीचे आठ-दहा वेढे काढा, आणि तेही अॅडॉप्टरला अगदी खेटून.

आता दुसरी शक्यता. मेन पाडलं, इन्व्हर्टर बंद, घरात अंधार, आणि घरघर तशीच. मग मात्र आवाज बाहेरचा, आणि तो शोधायचं हत्यार रेडिओतच आहे. रेडिओच्या पोटात, बहुधा वरच्या कडेला, एक काळी काडी आडवी बसवलेली असते, तिच्यावर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. मीडियम वेव्हला एरियल म्हणजे हीच काडी. बाहेर ओढायची चकचकीत दांडी एफएमसाठी. मीडियम वेव्हला ती लांब करून काही होत नाही. काडीची बाजू ज्या दिशेला, तिकडचं जोरात ऐकू येतं. काडीचं टोक ज्या दिशेला, तिकडचं कमीत कमी. जोर कुठं जास्तीत जास्त आहे हे कानाला नीट ठरवता येत नाही, पण आवाज कुठं मरतो हे चटकन कळतं. म्हणून रेडिओ आडवा धरून सावकाश फिरवा, घरघर सगळ्यात कमी होईल तिथं थांबा. काडी ज्या रेषेत आहे, त्या रेषेवर कुठंतरी उगम आहे. पुढं का मागं, ते एका जागेवरून कळत नाही. गल्लीत चाळीस-पन्नास पावलं बाजूला जाऊन परत तसंच करा. दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात, तिथं बघायचं.

यात एक फसवणूक आहे. गोंगाट विजेच्या तारेत शिरला की तार जाईल तिकडे तो जातो, आणि तारेखाली चालत राहिलात तर सगळीकडेच जोरात ऐकू येतो. अशा वेळी काटा पट्टीच्या वरच्या टोकाला, १६०० च्या आसपास न्या. रेडिओला शॉर्टवेव्ह असेल तर तिथं, दांडी आखूड ठेवून. वारंवारिता जितकी जास्त तितका गोंगाट उगमापासून लवकर विरतो. खाली सगळीकडे ओरडणारा आवाज वर फक्त एकाच दारापाशी किंवा एकाच खांबापाशी शिल्लक राहिला, की समजा पोचलात.

खांबच निघाला तर त्याला हात लावू नका, लाथ मारू नका, ताणाची तार हलवून बघू नका. खांबावर सैल झालेल्या नटबोल्टात किंवा क्लॅम्पमध्ये बारीक ठिणग्या पडत राहतात. कोरड्या हवेत, वारा सुटला की हा आवाज वाढतो आणि पाऊस पडून सगळं भिजलं की गप्प होतो. उलट इन्सुलेटरवर धूळ बसली असेल, आणि सोलापुरात धुळीला तोटा नाही, तर दमट हवेत आवाज वाढतो. पावसात काय होतं हे लिहून ठेवलंत तर लाइनमनला खांबावर चढायच्या आधीच अंदाज येईल. खांबाचा नंबर, आवाजाच्या वेळा आणि पावसातली नोंद, एवढं घेऊन महावितरणला कळवा. १९१२ वर फोन केलात तरी तक्रार नोंदवता येते. आधी मात्र सोपा पुरावा घ्या. कधी तुमच्या भागाची लाइट गेली की लगेच सेलवर रेडिओ लावा. सगळी गल्ली अंधारात असताना मीडियम वेव्ह किती शांत असतं ते कळेल, आणि लाइट आल्याबरोबर पहिल्या काही सेकंदांत आवाज कसा परततो तेही.

आणि दोन्ही रेषा खरोखर कारखान्यातच छेदल्या, तरी मागांवर एकदम बोट ठेवू नका. मागाची साधी मोटर इंडक्शनची, तिला कार्बन ब्रश नसतात, त्यामुळे ती चालू असताना ठिणगी पडत नाही. फार तर स्टार्टर दाबताना टक्क होईल. मात्र नवीन मागांना वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असेल, किंवा टॉवेलच्या कडा शिवायच्या मशिनींना सर्व्हो मोटर बसवली असेल, तर गोंगाट होऊ शकतो. संध्याकाळच्या पाळीत फक्त शिलाई चालते का, हे विचारून घ्या. मालकाकडे अर्ज घेऊन जाण्यापेक्षा रेडिओ घेऊन जा. चहाच्या वेळेला त्याच्यासमोर मशीन चालू-बंद करायला सांगा. कानानं ऐकलं की कुणी नाही म्हणत नाही. अशा वेळी कधी कधी अर्थिंग तुटलेलं निघतं, आणि ड्राइव्हमधला फिल्टर अर्थिंगशिवाय अर्धाच काम करतो. अर्थिंग दुरुस्त करणं त्याच्या कामगारांच्या जिवासाठीही आवश्यक आहे. तुम्ही मागावर काम केलेले, तुम्ही सांगितलेलं तो ऐकेल.

हे सगळं होईपर्यंत रात्रीच्या हैदराबादसाठी एक सोय आजच करून घ्या. सोलापूरहून पुणे पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. हैदराबाद पूर्वेला. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच रेषेत आणि सोलापूर मध्ये. तुमचं नशीब बघा, एकच मांडणी दोघांना चालते. रेडिओ असा ठेवा की काडीचं एक टोक दक्षिणेकडून किंचित पश्चिमेला, धारवाडच्या रोखानं राहील. मग पुणे बरोबर बाजूला येतं आणि हैदराबाद त्याच्या जवळपास. धारवाडचं ७६५ या दोघांच्या मधोमध बसतं, ते टोकाला गेल्यामुळे आपोआप दबतं. आणि घरघर जर तुमच्या उत्तर किंवा दक्षिण भिंतीकडून येत असेल, तर तीही टोकाच्या वाट्याला जाऊन बरीच मरेल. पूर्व-पश्चिम असेल तर हा उपाय लागू पडणार नाही, मग रेडिओ वायरिंगच्या भिंतीपासून उचलून खोलीच्या मध्ये किंवा गॅलरीत न्या. दीड-दोन मीटर सरकल्यानंही कधी कधी जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मुलाचं मोबाइलचं म्हणणं तसं वाईट नाही, आकाशवाणीची बरीच केंद्रं मोबाइलवर ऐकू येतात. पण लाइट आणि नेट दोन्ही गेल्यावर बोलतो तो सेलवरचा रेडिओच, एवढं त्याला सांगा.

आणि हौस असेल तर लूप एरियल करा. साधारण दीड फुटी लाकडी चौकट घ्या, तिच्यावर प्लास्टिकच्या आवरणाच्या तारेचे दहा-अकरा वेढे, एकमेकांत थोडी फट ठेवून. तारेची दोन्ही टोकं जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरला (केंद्र लावायला जो फिरतो त्याला) जोडा. वीज नको, रेडिओला वायर जोडायला नको. चौकट गॅलरीत उभी ठेवायची, रेडिओ तिला खेटून, आतली काडी चौकटीच्या पातळीला काटकोनात येईल असा. गँग सावकाश फिरवला की एका जागी केंद्र एकदम फुगून वर येतं. मग रेडिओ आणि चौकट एकत्रच फिरवून घरघर टोकाला घालवायची. गँग मेकॅनिकच्या भंगारात सहज मिळतो. घेताना दांडा फिरवून बघा, आतल्या पत्र्याच्या प्लेटा एकमेकींना घासत असतील तर तो ठेवून दुसरा उचला.